शेपूट आल्याशिवाय

कोटाचं अस्तर काढणं हे काही शिवणाऱ्याचं काम नव्हे. अस्तर लावण्यात कसब असतं, काढण्यात कसलं आलंय? पण अलीकडे त्या गावात मावशींच्या मशीनपेक्षा त्यांची लहान कात्रीच जास्त चालत होती. जो येई तो कपाटातला जुना जाड कोट काखेत मारून येई आणि म्हणे, मावशी, एवढं आतलं काढून टाका हो, अंगावर ठरत नाही. एके काळी मावशींनीच घातलेले टाके, आता त्याच उसवत बसल्या होत्या. हे गाव थंड होतं हे आता शपथेवर सांगावं लागतं. पण होतं. सकाळी दार उघडलं की धुकं आगाऊ पाहुण्यासारखं घरात शिरायचं, आणि समोरचं औषधांचं दुकान उघडलंय की नाही हे हाक मारून विचारावं लागायचं.

गुरुवारी संध्याकाळी मावशी असंच एक अस्तर उसवत होत्या, तेवढ्यात त्यांचे थोरले भाऊ बाहेरून आले आणि दारातच चौकटीला धरून उभे राहिले. भाऊ म्हणजे मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही, नवरा गेल्यावर बहीण परत आली तेव्हा तिला पुढची खोली दुकानाला दिली आणि स्वतः माडीवर गेले. ताठ असे की गादीवर झोपलेले असतानाही सावधानमध्येच आहेत असं वाटावं. तर असा माणूस चौकटीला धरून उभा होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मावशी उठेपर्यंत मास्तर खाली बसले. बसले कसले, घसरले. मावशींनी पदर ओला करून त्यांच्या मानेवर ठेवला, पंखा त्यांच्याकडे वळवला. थोड्या वेळानं मास्तरांचा रंग परत आला आणि त्याच्याबरोबर तोरासुद्धा. काही नाही, जरा भोवळ आली, बाजारातून उन्हात आलो, असं त्यांनी उडवून लावलं. मग मावशींचा हात धरून म्हणाले, "चिमे, हे कुणाला बोलायचं नाही. शप्पथ घे."

साठी उलटलेल्या बाईला चिमे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. त्या हाकेपुढे मावशींचं कधीच काही चालत नसे, आणि मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. मावशींनी शपथ घेतली. पण तीन दिवसांनी रविवार होता.

आता या रविवारचं सांगायला हवं. दर रविवारी सकाळी गावातली माणसं एका रांगेत टेकडी चढायची. ही फेरी मास्तरांनी सुरू केली, त्या वेळी त्यांचे केस काळे होते. पायवाट अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. माथ्यावर एक सपाट दगड, दगडावर झाडाची सावली, आणि खाली बघावं तर गावाचं तळं. सुरुवातीच्या काळात एकदा दाट धुक्यात पोस्टातल्या बाई मागे राहिल्या. सगळे वर गेले, गप्पा मारल्या, पाणी प्यायले, दुसऱ्या वाटेनं खाली उतरले, आणि त्या बिचाऱ्या वाटेच्या कडेला रडत बसलेल्या दुपारी सापडल्या. मास्तरांना ते इतकं लागलं की त्यांनी नियमच घालून दिला. प्रत्येकानं आपल्या मागच्याला सांभाळायचं. प्रत्येक वळणावर मागे बघायचं, मागचा दिसला नाही तर थांबायचं, पुढच्याला सांगायचं. आणि माथ्यावर पोचल्यावर शेवटचा माणूस आल्याशिवाय कुणी पाण्याला तोंड लावायचं नाही. पाणी प्यायचं तेही उलट्या क्रमानं. शेवटच्यानं आधी, मग त्याच्या पुढच्यानं, असं करत करत मास्तर सर्वांत शेवटी. त्यासाठी दोन मोठ्या बाटल्या मास्तर स्वतः पाठीवर घेऊन चढायचे.

शेवटचा माणूस म्हणजे समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. जाडजूड, थट्टेखोर, दर दहा पावलांना कंबरेवर हात ठेवणारा. त्याला सगळं गाव शेपूट म्हणायचं आणि त्यानंही ते इतकं मनावर घेतलं होतं की फोन उचलून "शेपूट बोलतोय" म्हणायचा. तो धापा टाकत माथ्यावर उगवला की सगळे ओरडायचे, शेपूट आलं. मगच बाटलीचं झाकण निघायचं.

नियम सोन्यासारखा होता. दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाकडे कुणाचं तरी लक्ष असायचंच. फक्त पहिल्या माणसाकडे कुणी बघत नसे. बघायचं कशाला? तो तर मास्तर.

पण हवा फिरली तशी फेरीची रया गेली. धुकं पहिल्यांदा उशिरा येऊ लागलं, मग यायचंच बंद झालं. तळं काठ सोडून मध्यभागी जाऊन बसलं, त्याच्या होड्या चिखलात तिरक्या पडल्या. दगडाजवळचं झाड वाळलं, अंगावर पडेल म्हणून नगरपालिकेनं ते तोडून नेलं. मोकळ्या हवेसाठी म्हणून शहरातून येऊन राहिलेली माणसं एकेक करून घरांना कुलपं लावून गेली. मावशींच्या शेजारच्या माडीवर एक जोडपं लहान मुलीला घेऊन राहत होतं, तेही गेलं. मुलीला दुपारभर कोंडून ठेवायचं तर ते शहरात काय वाईट, असं जाताना म्हणालं. मास्तरांना ते कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं लागलं. नगरपालिकेनं मात्र गावाच्या तोंडाशी मोठा फलक लावला होता, "या, चाला, राहा", आणि त्यावर रविवारच्या फेरीचा फोटो. फोटोत सगळ्यांच्या अंगात स्वेटर.

येत्या रविवारी तर बाहेरगावची काही कुटुंबं पहिल्या बसनं येणार होती. गाव बघायचं, फेरी करायची, आवडलं तर राहायला यायचं. बस पोचेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. मावशींनी शुक्रवारी जेवताना विषय काढला. एक रविवार राहू दे, दुसरं कुणी पुढे राहील, असं घोळवून घोळवून बोलून पाहिलं. मास्तरांनी ताटातून मान वर केली नाही.

"फेरी बंद पडली की गाव बंद पडलं समज," ते म्हणाले. "मग तुझी कात्री तरी कुणासाठी चालेल?"

मावशींना राग आला होता, भीती वाटत होती, आणि भाऊ म्हणतो त्यात खोटं काही नाही हेही कळत होतं. तिन्हींची खिचडी पोटात घेऊन त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी उठल्या त्या ठरवूनच, की शेपटाला सांगायचं. तो औषधवाला, त्याला भोवळीचं गांभीर्य कळेल, आणि मास्तरांना गोड बोलून थोपवणं त्यालाच जमेल.

शनिवारी त्या रस्ता ओलांडून दुकानात गेल्या. गिऱ्हाइकं होती. त्या बाजूला उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं गेली. शेपटानं हसून विचारलं, काय मावशी, माझ्या विजारीची कंबर वाढवून झाली का? मावशींनी तोंड उघडलं आणि नेमकी ती हाक कानात वाजली. चिमे, शप्पथ घे. तोंडातून निघालं ते भलतंच. उन्हात अशक्तपणा येतो त्यावर पाण्यात घालायची साखरमिठाची पूड असते ना, ती दे. कुणासाठी, असं त्यानं विचारलं. माझ्यासाठीच, मावशी म्हणाल्या. त्यानं पुड्या दिल्या, वर थट्टाही केली की उद्या तुम्हीच शेपूट व्हायच्या.

तर मावशींनी काय केलं, तर रविवारी पहाटे त्या पुड्या मास्तरांच्या दोन बाटल्यांत रिकाम्या केल्या आणि खळखळा हलवल्या. वाटेत दोन घोट घेईल, तेवढीच ताकद येईल. बाईमाणसाचं मन बघा कसं असतं. अख्खा जन्म ज्या माणसाला त्या पाण्याला शेवटपर्यंत हात न लावताना पाहिलं, त्याच्या त्याच पाण्यात औषध घातलं आणि जिवाला बरं वाटून घेतलं.

बस आली. पाहुणे उतरले, बायकांनी गॉगल लावले, पोरांनी उड्या मारल्या. मावशींनी सगळ्यांना मान झाकणाऱ्या टोप्या शिवल्या होत्या, त्या वाटल्या. मास्तरांनी नेहमीसारखं नियम सांगितले, एकेकाला रांगेत उभं केलं. पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. मास्तर पहिले, त्यांच्या मागे मावशी, मग पाहुणे, गाववाले, आणि सगळ्यांच्या मागे शेपूट.

ऊन असं की दगडातून वाफ निघत होती. पहिल्या चढालाच बोलणं थांबलं. मावशींचा ब्लाउज अंगाला चिकटला, कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. पुढे मास्तर ताठ चालले होते. मावशींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. सगळ्या रांगेचे कपडे पिळून काढण्याजोगे झाले होते, आणि बाटल्यांच्या पट्ट्यांच्या मध्ये मास्तरांचा सदरा मात्र कोरडा ठणठणीत. मावशींना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. उगाच जिवाला घोर लावून घेतला, मनाशी म्हणाल्या, हाडच दणकट आहे दादाचं.

आणि वळण आलं तशी त्यांनी नियमाप्रमाणे मान मागे फिरवली.

अर्ध्या चढावर मागून हाक आली. एकानं पुढच्याला सांगितलं, त्यानं त्याच्या पुढच्याला, असं करत ते मावशींपर्यंत पोचलं. शेपूट बसलं, पायात गोळा आलाय. मावशींनी पुढे ओरडून सांगितलं. मास्तर पुढच्या वळणापाशी पोचले होते. त्यांनी मागे न बघताच हात वर केला. त्या हाताचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. तुम्ही बघा त्याच्याकडे, मी वर थांबतो. हात जरा वाकडातिकडा हलला, पण मावशी तोवर वळल्या होत्या. मास्तर वळणाआड गेले.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. अख्खी रांग खाली उतरली. एक जण शेपटाची पोटरी चोळतोय, एक टोपीनं वारा घालतोय, कुणी आपली ओढणी त्याच्या डोक्यावर धरलीय. शेपूट ओशाळून लोकांना हसवत होता, म्हणत होता, एवढी सेवा तर सासुरवाडीला होत नाही. पाहुण्यांपैकी एक बाई फोटो काढत होती. ती मावशींना म्हणाली, किती जीव लावता हो तुम्ही एकमेकांना, आमच्याकडे शेजारी मेला तरी कळत नाही. मावशींनाही भरून आलं. भाऊ म्हणतो ते उगाच नाही, त्यांना वाटलं, ही माणसं येतील राहायला.

शेपूट उठेपर्यंत आणि लंगडत लंगडत वर चढेपर्यंत बराच वेळ गेला. कुणी घाई केली नाही. माथ्यावर मास्तर आहेतच की, पाणी घेऊन.

मास्तर होते. सपाट दगडावर बसले होते, जिथे पूर्वी सावली असायची तिथेच. टोपी बाजूला पडली होती. दोन्ही बाटल्या मांडीवर उभ्या होत्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी त्या घट्ट धरल्या होत्या. झाकणं लावलेली. बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

मावशींनी हाक मारली तशी त्यांनी मान वळवली, पण ओळख नव्हती डोळ्यांत. रिकाम्या उतारावर कुणीतरी मुलं उभी असावीत तसे ते त्यांना रांग सरळ करायला सांगत होते, आणि शब्द एकमेकांत अडकत होते. मावशींनी गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

शेपटाचा पाय जागच्या जागी बरा झाला. तो धावला. त्यानं मास्तरांच्या हातातून बाटल्या ओढल्या, पण ती बोटं सुटेनात, एकेक उकलावी लागली. सगळं पाणी त्यानं त्यांच्या डोक्यावर, छातीवर ओतलं, सदरा फाडला, टोप्यांनी वारा घालायला लावलं. आणि मावशींना विचारलं, "अंग कोरडं कधीपासून होतं?"

मावशींना उत्तर ठाऊक होतं. पहिल्या चढापासून.

पाहुण्यांतल्या तरण्या माणसांनी मास्तरांना उचलून खाली आणलं. गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उन्हानं मेंदू भाजला होता, असं डॉक्टरांनी मावशींना समजेल अशा भाषेत सांगितलं. हळूहळू काही परत येईल, काही नाही. सावधानमध्ये झोपणारा माणूस दीड महिन्यानं घरी आला तो दोघांच्या खांद्यावर, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात. माडी सुटली. मावशींनी मशीन भिंतीला सरकवलं आणि पुढच्याच खोलीत त्यांची खाट टाकली.

फेरी बंद झाली. पाहुण्यांपैकी कुणी आलं नाही. फलक अजून आहे.

सगळं सोसलं असतं हो मावशींनी. भरवणं, धुणं, पडू नये म्हणून धरणं. पण दवाखान्यातली सलाइन सुटल्यापासून मास्तर पाणी पीत नव्हते. जेवायचे थोडंफार, पण पेला ओठाशी नेला की तोंड फिरवायचे. चमच्यानं घातलं तर थुंकायचे. मावशींनी विनवलं, रागावल्या, एकदा तर पेला आपटला आणि मग स्वतःच रडत फरशी पुसली. बाहेर ऊन आणि घरात हा हट्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी पोटात गेलं नाही तर दुसऱ्यांदा वाचणार नाहीत. मास्तर दाराकडे बघत बसायचे. तोंडातल्या तोंडात एकच पुटपुटायचे, आणि ते इतकं लडबडलेलं असायचं की मावशींना कळायचं नाही.

दोन दिवस असे गेल्यावर दुपारी शेपूट दुकान अर्धं ओढून सलाइनची सोय करायला आला. तो आजवर उंबऱ्याबाहेरच थांबत असे, आत यायचा धीर त्याला होत नसे. रांग आपल्यापायी थांबली हे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्या दिवशी मास्तरांनी नाकारलेला पुडीच्या पाण्याचा पेला हातात असतानाच मावशींनी त्याला आत बोलावलं. फार दिवस घशात अडकलेलं त्यांना थुंकून टाकायचं होतं.

"तुझा दोष नाही रे," त्या म्हणाल्या. "त्याला गुरुवारीच भोवळ आली होती. मला माहीत होतं. तुला सांगायला आले आणि पुड्या घेऊन गेले."

शेपटाचा चेहरा लाल झाला, मग उतरला. माझ्यासाठीच म्हणालात तुम्ही, एवढंच तो म्हणाला. त्यात राग होता, आणि मावशींना तो हवाच होता. कुणीतरी रागवायला हवं होतं.

खाटेवर हालचाल झाली. मास्तर शेपटाकडे बघत होते. दवाखान्यातून आल्यापासून इतकं सरळ त्यांनी कुणाकडे पाहिलं नव्हतं. ओठ हलले. त्या वेळी मावशींना ते पुटपुटणं पहिल्यांदा कळलं, कारण ज्याच्याबद्दल होतं तो समोर उभा होता.

"शेपूट आलं?"

म्हणजे हा माणूस अजून त्या दगडावरच बसला होता. सगळे घरी आले, ऋतू पालटायला आला, आणि हा एकटा अजून तिथे उन्हात वाट बघत होता.

शेपटानं नाक ओढलं. चपला काढल्या, खाटेजवळ गेला, आणि माथ्यावर पोचल्यावर ठेवायचा तसे दोन्ही हात कंबरेवर ठेवून म्हणाला, "आलो मास्तर. माझ्यामागे कुणी नाही."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावरून उघड्या दारातून बाहेर पाहिलं. खात्री करून घेतल्याशिवाय मानायचा स्वभावच नव्हता त्यांचा. बाहेर रस्ता होता. समोरचं अर्धं ओढलेलं दुकान होतं, त्याच्या पुढे कुलपं लावलेली घरं होती, आणि तळ्याच्या चिखलापर्यंत एकही माणूस नव्हता. त्यांचं समाधान झालं. त्यांनी बोट मावशींच्या हातातल्या पेल्याकडे केलं आणि मग शेपटाकडे.

शेवटच्यानं आधी. शेपटानं पेला घेतला, एक घोट प्यायला आणि मावशींना परत दिला. मावशी तो मास्तरांच्या ओठाशी नेऊ लागल्या तर त्यांनी मान हलवली. बोट आता मावशींकडे होतं. रांगेत त्यांच्या मागे त्याच होत्या.

मावशींनी घोट घेतला. गोडसर, खारट पाणी, तसल्याच पुडीतलं. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. मास्तर घाई न करता त्यांच्या गळ्याकडे बघत थांबले, आणि तो खाली गेल्याचं दिसल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

आता शेपूट रोज दुपारी दुकान अर्धं ओढून रस्ता ओलांडतो. संध्याकाळी पुन्हा येतो, झोपायच्या आधी पुन्हा. प्रत्येक वेळी चपला काढतो, कंबरेवर हात ठेवतो, मागे कुणी नसल्याचं सांगतो. गेल्या महिन्यात त्याच्या मुलानं त्याला शहरात राहायला बोलावलं, दुकान विकून टाका म्हणाला. त्यानं ते मावशींना हसत हसत सांगितलं. जाणार का, हे मावशींनी विचारलं नाही. त्यांनी पेला भरला आणि आधी त्याच्या हातात दिला.